ॲनिमेचा नवा हंगाम: पहिल्या भागात काय बघायचं, किती थांबायचं, कसं लिहायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. बेळगाव, खानापूर आणि निपाणीतले आठ जण मिळून दर तीन महिन्यांनी ॲनिमेच्या, म्हणजे जपानी ॲनिमेशनच्या, नव्या मालिकांवर मराठीत पहिलं मत लिहितात. पण पहिल्या भागावर तोंडभर कौतुक केलेली मालिका सातव्या भागापर्यंत ढासळते, आणि पहिल्याच भागात सोडलेली मालिका पुढे सगळ्यांच्या तोंडी होते. मग किती भाग पाहून लिहावं, नेमकं काय बघावं, आणि मत टिकेल असं कसं लिहावं?

पहिल्या भागातून दिग्दर्शकाला काय सांगायचंय आणि तो ते कसं सांगतोय हे कळतं. उरलेले अकरा भाग त्याच दर्जाने काढायला स्टुडिओपाशी वेळ आणि माणसं आहेत का, हे मात्र त्यातून कळत नाही. बहुतेक लिखाणात या दोन गोष्टी एका वाक्यात कालवल्या जातात, आणि मत तिथेच फसतं. चिक्कोडी-रायबागच्या ऊसपट्ट्यातल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. कारखान्याचा बॉयलर पेटल्यावर पहिल्या आठवड्याचा साखरेचा उतारा बघून कुणी सगळ्या हंगामाचा हिशेब मांडत नाही, पण ऊस कोणत्या जातीचा आहे हे तेव्हाही ओळखता येतं. पहिल्या भागात जात ओळखायची, उतारा नंतर मोजायचा.

आधी एक शब्दांची व्यवस्था लावून घ्या. इंग्रजीत तीन महिन्यांच्या टप्प्यालाही 'सीझन' म्हणतात आणि मालिकेच्या दुसऱ्या खेपेलाही 'सीझन'च म्हणतात, त्यामुळे वाचणाऱ्याचा गोंधळ होतो. मराठीत आपल्याकडे दोन शब्द आहेत. तीन महिन्यांच्या टप्प्याला 'हंगाम' म्हणा आणि मालिकेच्या पुढच्या खेपेला 'पर्व'. 'जुलै हंगामात अमुक मालिकेचं दुसरं पर्व येतंय' हे वाक्य एका वाचनात कळतं.

हंगाम चार: जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर. एका हंगामात 12 किंवा 13 भाग बसतात, जपानी लोक त्याला 'कूर' म्हणतात. मालिका एका कूरची आहे, सलग दोन कूरची आहे, की मध्ये एक हंगाम गाळून पुढे येणारी आहे, हे पहिला भाग पाहण्याआधी शोधून ठेवा. 12 भागांत संपणाऱ्या मालिकेने पहिल्या भागात संथ चालणं आणि 24 भागांच्या मालिकेने संथ चालणं यात फरक आहे. पहिल्या मालिकेपाशी वाया घालवायला वेळच नसतो.

वेळापत्रक वाचताना एक गोष्ट हमखास चुकते. बहुतेक मालिका जपानमध्ये मध्यरात्रीनंतर लागतात आणि तिथे ती वेळ '25:30' अशी लिहितात. म्हणजे शुक्रवार 25:30 हा खरं तर शनिवार पहाटेचा दीड. जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे, तेव्हा आकड्यातून सरळ साडेतीन वजा करा: 25:30 वजा 3:30 म्हणजे 22:00, आणि वार तोच, शुक्रवार. बेळगावात बसून तो भाग शुक्रवारी रात्री दहाचा. जपानी 23:00 म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसात. सबटायटलसह भाग कधी त्याच वेळी येतो, कधी अर्ध्या तासाने, कधी काही दिवसांनी, कारण ते हक्क कुणाकडे आहेत त्यावर ठरतं. आठ जणांच्या यादीत प्रत्येक मालिकेपुढे भारतीय वेळ आणि ती अधिकृतपणे कुठे दिसते हे दोन रकाने हवेतच. क्रंचीरोल, नेटफ्लिक्स, प्राइम आणि यूट्यूबवरचं म्यूज इंडिया एवढी ठिकाणं आधी तपासा. चोरून टाकलेल्या प्रतीवर मत लिहू नका. त्यातली सबटायटल्स कुणी केली आणि चित्र किती दाबलंय याचा पत्ता नसतो, आणि मग संवादाला किंवा रंगाला दिलेला दोष भलत्याच माणसाच्या माथी बसतो.

आपल्याकडच्या दिनदर्शिकेचाही विचार करा. एप्रिल हंगाम सर्वांत सोयीचा, दहावी-बारावीच्या परीक्षा मागे पडलेल्या असतात. जुलैत कणकुंबी-जांबोटी पट्ट्यात पाऊस लागला की वीज कधी जाईल नि कधी येईल याचा नेम नसतो, म्हणून खानापूरकरांनी ज्या ॲपवर डाउनलोडची सोय आहे त्या मालिका घ्याव्यात आणि यूट्यूबवरच्या मालिका शहरातल्यांनी. ऑक्टोबरच्या मालिकांचे पहिले भाग दसरा-दिवाळीच्या आगेमागे येतात. जानेवारीच्या हंगामात शेवटचे भाग मार्चमध्ये, ऐन परीक्षेत पडतात. विद्यार्थ्यांना त्या हंगामात फक्त पहिले भाग द्या, शेवटचा आढावा नोकरीवाल्यांनी घ्यावा.

आता वाटणी. नव्या हंगामात सगळं मिळून साठेक मालिका धरा. जुन्या मालिकांची पुढची पर्वं बाजूला काढा, कारण त्यांचं पहिलं मत वेगळ्या तराजूत तोलावं लागतं. तीन-चार मिनिटांच्या छोट्या मालिकाही बाजूला काढा. उरलेल्या समजा चाळीस आहेत. प्रत्येक मालिका दोघांनी बघायची ठरवलं तर आठ जणांना प्रत्येकी दहा येतात. एक भाग साधारण 24 मिनिटांचा, म्हणजे माणशी चार तास, तेही दोन-तीन आठवड्यांत विभागलेले. हे झेपतं. सगळ्यांनी सगळं पाहायचं ठरवलं तर माणशी सोळा तास होतात आणि तिसाव्या भागापाशी डोळा बोथट होतो. तेव्हा जे चांगलं आहे तेही तेच ते वाटायला लागतं. जोडी लावताना एक पथ्य पाळा: एकाने मूळ मांगा (जपानी चित्रकथा) किंवा कादंबरी वाचलेली असावी, दुसऱ्याने अजिबात नाही. वाचलेल्याला काय गाळलं ते कळतं, न वाचलेल्याला काय कळलं नाही ते कळतं. पहिल्या मतासाठी दुसऱ्याचं म्हणणं जास्त मोलाचं.

भाग दोनदा पाहा. पहिल्यांदा सलग, फोन उलटा ठेवून, मध्ये न थांबवता. दुसऱ्यांदा फक्त पहिली पाच मिनिटं, तीही आवाज बंद करून. आवाज गेला की दिग्दर्शन उघडं पडतं. कोण कुणाशी काय नात्याने बोलतंय, कोण घाबरलंय, कोण खोटं बोलतंय हे नुसत्या चित्रावरून कळत असेल तर दिग्दर्शकाने काम केलंय. फक्त तोंडं हलताना दिसत असतील तर सगळा भार संवादांवर आहे. टिपणात वेळ लिहा, मिनिट आणि सेकंद. '07:40, जिन्यावरचं भांडण' एवढं पुरतं. नंतर वाद झाला तर दोघांनाही तीच जागा उघडून बघता येते.

भागाची बांधणी माहीत असली की काय बदललंय ते दिसतं. सुरुवातीचा छोटा प्रसंग, मग 90 सेकंदांचं सुरुवातीचं गाणं, मग पहिला अर्धा, मध्ये विरामाचं चित्र, दुसरा अर्धा, शेवटचं 90 सेकंदांचं गाणं आणि पुढच्या भागाची झलक. पहिल्या भागात बऱ्याचदा सुरुवातीचं गाणं गाळतात किंवा शेवटी वाजवतात, म्हणजे कथेला दीड मिनिट जास्त मिळतं. म्हणून पहिल्या भागाची गती नेहमीची नसते. खरी चाल दुसऱ्या भागात कळते.

एक उदाहरण जवळून बघू. ऑक्टोबर 2022 ची 'बोच्ची द रॉक', स्टुडिओ क्लोव्हरवर्क्स, 12 भाग. मूळ मांगा चार-चार चौकटींची, म्हणजे विनोदी पट्ट्यांसारखी. अशा मांगाचं ॲनिमे करताना नेहमीचा धोका हा, की एकामागून एक विनोद येतात आणि कथा जागची हलत नाही. पहिल्या भागात गोतो हितोरी ही मुलगी घरी एकटी उत्तम गिटार वाजवते, पण माणसांसमोर तिची बोबडी वळते. तिला अचानक एका बँडमध्ये ओढलं जातं आणि स्टेजवर चढायची वेळ येते, तेव्हा ती पुठ्ठ्याच्या खोक्यात शिरून वाजवते. खोकं आंब्याचं आहे, 'पिकलेला आंबा' असं वर छापलेलं. मे महिन्यात आपल्या बाजारात अशीच खोकी थराने लागलेली असतात, त्यामुळे तिचा आडोसा किती साधा आणि किती हास्यास्पद आहे हे आपल्याला समजावून द्यावं लागत नाही. पण लिहिणाऱ्याने इथे थांबून बघायला हवं. भीती आहे हे कुणी बोलून दाखवत नाही, एका वस्तूतून ते दिसतं. शिवाय त्याच भागात आणखी एक गोष्ट ठरते: एकटी चांगली वाजवणारी ही मुलगी तिघींत मिळून वाजवताना कमी पडते, कारण ती इतरांकडे बघूच शकत नाही. ही मालिकेने प्रेक्षकाला दिलेली हुंडी आहे.

आता या भागावर पहिलं मत कसं लिहायचं? 'ॲनिमेशन भारी, गाणी भारी, विनोद जमलेत, नक्की बघा' यातून वाचणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. त्याऐवजी असं लिहा: 'या भागात गोतोची भीती खोक्यातून दिसते, संवादातून नाही. पुढे बघायचंय ते हे, की चौथ्या-पाचव्या भागापर्यंत ती खोक्याबाहेर येऊन इतरांसोबत वाजवते का. तोवर नुसतेच विनोद चालले तर मालिका तिथेच फिरत राहणार.' हे वाक्य तपासता येतं. पाचव्या भागात ऑडिशन येतं आणि आठव्यात पहिला खरा कार्यक्रम, म्हणजे हुंडी वेळेवर वटली. पण समजा वटली नसती, तरी तुमचं मत खोटं ठरलं नसतं. तुम्ही काय बघायचं ते सांगितलं होतं, निकाल नव्हता दिला.

याच मालिकेचा दिग्दर्शक केईचिरो साइतो. पुढच्याच वर्षी, 29 सप्टेंबर 2023 ला, 'फ्रीरेन' सुरू झाली, तिचाही दिग्दर्शक तोच. स्टुडिओ मात्र वेगळा, मॅडहाउस. एक विनोदी, एक संथ आणि दुःखाची कड असलेली, पण वस्तूतून आणि हालचालीतून भावना दाखवायची सवय दोन्हीकडे सारखी. 'फ्रीरेन'च्या पहिल्या भागात राक्षसराजाला मारून दहा वर्षांचा प्रवास संपलेला आहे, म्हणजे जिथे इतर कथा संपतात तिथे ही उघडते. पन्नास वर्षांनी एकदा दिसणारा उल्कावर्षाव पुन्हा मिळून बघू असं फ्रीरेन सहज बोलून जाते, कारण ती दीर्घायुषी एल्फ जमातीची आहे, तिच्या आयुष्यात पन्नास वर्षं म्हणजे काहीच नाहीत. ती परत येते तेव्हा त्या प्रवासातला तिचा सोबती हिम्मेल म्हातारा झालेला असतो. पुढे त्याच्या अंत्यविधीला तिला रडू फुटतं, या माणसाला समजून घ्यायचा प्रयत्नच आपण केला नाही म्हणून. एका भागात पन्नास वर्षं जातात आणि तरी घाई जाणवत नाही. अशा ठिकाणी टिपणात लिहायचं ते हे, की काळ कशातून दाखवला.

या दोन मालिकांवरून कामाची गोष्ट ही, की स्टुडिओच्या नावापेक्षा दिग्दर्शकाच्या नावाला वजन द्या. 'वन पंच मॅन'चं पहिलं पर्व ऑक्टोबर 2015 मध्ये मॅडहाउसने केलं, दिग्दर्शक शिंगो नात्सुमे. दुसरं पर्व एप्रिल 2019 मध्ये जे.सी.स्टाफकडे गेलं, दिग्दर्शकही बदलला. तेव्हा पुष्कळांनी फक्त स्टुडिओला नावं ठेवली. पण पहिल्या पर्वाची मारामारी ज्या लोकांनी काढली ते त्या दिग्दर्शकाच्या ओळखीने जमलेले होते, आणि त्यातले अनेक स्टुडिओचे पगारी नव्हते. अशी माणसं स्टुडिओच्या पाटीमागे नाही, बोलावणाऱ्या माणसामागे जातात. पुढचं पर्व आलं की सर्वांत आधी दिग्दर्शक, पटकथा-रचनाकार आणि पात्ररचनाकार ही तीन नावं जुन्या पर्वाशी ताडून बघा. पाच मिनिटांचं काम आहे.

श्रेयनामावली वाचायला शिका, यात तुमची मतं सर्वांत जास्त सुधारतील. शेवटच्या गाण्यावर जपानी नावं येतात, त्यांचा स्क्रीनशॉट घेऊन गूगल लेन्समधून काढा. नावं कधी चुकीची वाचली जातात, पण पदं बरोबर कळतात. चार पदं बघायची. दिग्दर्शक, म्हणजे अख्ख्या मालिकेचा. स्टोरीबोर्ड काढणारा, जपानीत 'ए-कोंते', ज्याने त्या भागाचा प्रत्येक शॉट कागदावर ठरवला. त्या भागाचा दिग्दर्शक, 'एन्शुत्सु', जो तो कागद पडद्यापर्यंत नेतो. आणि चित्र-पर्यवेक्षक, 'साक्कान', जो वेगवेगळ्या हातांनी काढलेले चेहरे एकसारखे करून घेतो.

पहिल्या भागाचा स्टोरीबोर्ड बहुधा मालिकेचा दिग्दर्शक स्वतः काढतो. म्हणजे पहिला भाग हा त्याच्या हातचा नमुना. दुसरा-तिसरा भाग दुसऱ्या कुणी काढला आणि तरी हात तोच वाटला, तर समजा की दिग्दर्शकाची पकड आहे. साक्कानांची संख्या मोजा. पहिल्या भागात चार-पाच असतील आणि पाचव्या-सहाव्या भागात दहा-पंधरा झाले, तर वेळापत्रक आवळलेलं असण्याची शक्यता मोठी. वेळ असता तर एवढ्या हातांना एकदम लावलं नसतं. याला पुरावा म्हणू नका, खूण म्हणा. एखाद्या मोठ्या मारामारीच्या भागातही हा आकडा फुगतो. दुसरी खूण: अख्खा भाग बाहेरच्या स्टुडिओला दिलेला असणं. तिसरी आणि सर्वांत ठळक: सहाव्या-आठव्या भागाच्या आसपास अचानक येणारा 'आतापर्यंत काय घडलं' छापाचा भाग.

'वंडर एग प्रायॉरिटी' हे याचं दुखरं उदाहरण. जानेवारी 2021, क्लोव्हरवर्क्सच. पहिला भाग इतका सुंदर, की रंग, प्रकाश, हातांच्या हालचाली यांवर पानंच्या पानं लिहिता यावीत. आठवा भाग 'आतापर्यंत काय घडलं' छापाचा निघाला, शेवट ठरल्या वेळी आलाच नाही, तो जूनमध्ये विशेष भाग म्हणून आला. पहिल्या भागाचं ज्यांनी कौतुक केलं ते चुकले का? चित्राबद्दल नाही. पण इतक्या बारकाईचं काम 12 आठवडे रेटता येईल का, ही शंका त्याच कौतुकात असायला हवी होती. 'झोम 100'चंही तसंच: जुलै 2023, नवा स्टुडिओ बग फिल्म्स, पहिल्या भागात रंगांची उधळण, मग भाग पुढे ढकलणं सुरू झालं आणि शेवटचे तीन डिसेंबरात आले. 'उझुमाकी' तर अवघ्या चार भागांची, सप्टेंबर 2024. पहिला भाग काळ्या-पांढऱ्या रेषेत थरकाप उडवणारा, दुसऱ्यातच हालचाल लाकडी. कारण नावांतच होतं: दोन भागांचे दिग्दर्शक वेगळे. तेव्हा पहिला भाग डोळे दिपवणारा असेल तर एक नियम पाळा. त्या मतात शेवटी एक वाक्य टाका, 'हा दर्जा टिकतो का ते चौथ्या भागात बघू', आणि चौथ्या भागात खरंच बघा.

चित्राबद्दल लिहिताना दोन चुका फार होतात. 'फ्रेमरेट कमी आहे' असं सर्रास लिहिलं जातं. पडद्यावर सेकंदाला 24 फ्रेम जातात, पण एक चित्र दोन फ्रेम धरलं तर सेकंदाला 12 चित्रं, तीन फ्रेम धरलं तर आठ. ॲनिमेत आठ ही नेहमीची गोष्ट आहे, तिला दोष म्हणता येत नाही. दोष तेव्हा, जेव्हा वजन दिसत नाही: माणूस खुर्चीवर बसतो पण खुर्चीला काही होत नाही, पिशवी उचलतो पण खांदा झुकत नाही. बसणं, उठणं, जेवणं, कपडे बदलणं हे प्रसंग बघा. मारामारीवर सगळे कष्ट घेतात, जेवणावर मन लावून कष्ट घेणारा स्टुडिओ निराळाच असतो. लांबच्या शॉटमध्ये चेहऱ्यावर नाक-डोळे नीट नाहीत म्हणून स्क्रीनशॉट टाकून हसू नका, तो नेहमीचा शहाणपणाचा मार्ग आहे.

दुसरी चूक 'मारामारीत चित्र काळवंडतं, पुसट होतं' ही तक्रार. 16 डिसेंबर 1997 ला पोकेमॉनच्या एका भागातल्या लाल-निळ्या झगझगाटाने जपानमधल्या शेकडो मुलांना झटके, मळमळ, डोळे दिपणं असे त्रास झाले. मालिका चार महिने बंद राहिली. त्यानंतर झगझगाटाच्या जागी चित्र मंद करण्याचे नियम आले, आणि वाहिनीवर दाखवलेली तीच प्रत पुष्कळदा आपल्यापर्यंत येते. डिस्कच्या आवृत्तीत ते मंद करणं बहुधा काढलेलं असतं. लिहा की मंद केलंय, पण चित्रकाराला दोष देऊ नका.

कथेची गती मोजायला मूळ पुस्तक लागतं. साप्ताहिकात येणाऱ्या मांगाचं एक प्रकरण 18-20 पानांचं, एका भागात अशी दोन-तीन प्रकरणं आरामात बसतात. पण साप्ताहिक मांगाचं पहिलंच प्रकरण बहुधा पन्नास पानांच्या आसपास असतं, त्यामुळे पहिल्या भागात एकच प्रकरण आलं तर 'फार हळू' म्हणू नका. मोजमाप दुसऱ्या भागावर करा. तिथे चार-पाच प्रकरणं संपली असतील तर काहीतरी गाळलंय, आणि वाचलेल्या जोडीदाराने ते शोधावं. लाइट नॉव्हेलच्या (तरुण वाचकांसाठीच्या छोटेखानी जपानी कादंबरीच्या) बाबतीत 12 भागांत तीन-चार खंड ही सर्वसाधारण चाल. तिथे सर्वांत आधी मनातलं बोलणं गाळलं जातं. पुस्तकात नायक तीन पानं विचार करून एक वाक्य बोलतो, पडद्यावर फक्त ते वाक्य उरतं, आणि हुशार माणूस बावळट दिसायला लागतो. न वाचलेला जोडीदार 'हा असा का वागला' म्हणून अडखळला, की हाच प्रकार समजा.

आता किती भाग थांबायचं. तीन भागांचा नियम सगळ्यांना ठाऊक आहे आणि त्याला बळ आलं ते 'मादोका मागिका'मुळे, जानेवारी 2011. जादूगार मुलींची गोड गोष्ट वाटणारी मालिका तिसऱ्या भागाच्या शेवटी काय करते हे ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको, न पाहिलेल्यांना सांगू नये. पण हा नियम सगळ्यांना सारखा लावणं मला पटत नाही. विनोदी मालिकेला एक भाग पुरे. पहिल्या भागात एकदाही हसू आलं नाही तर तिसऱ्यातही क्वचितच येतं. रोजच्या जगण्याच्या संथ मालिकेला एक भाग, पण निवांत वेळी पाहिलेला, दहा मालिकांच्या रांगेत कोंबलेला नव्हे. रूपांतराला दोन. मूळ पटकथेवरच्या मालिकेला तीन, कारण तिथे पुढचं कुणालाच माहीत नसतं. 'स्टाइन्स गेट', एप्रिल 2011, 24 भागांची, खऱ्या अर्थाने बाराव्या भागात उसळते. 'डीमन स्लेअर' एप्रिल 2019 मध्ये सुरू झाली आणि ऑगस्टमधल्या एकोणिसाव्या भागाने तिचं नाव घरोघरी पोचवलं. हे कुठल्याही नियमात सापडणार नाही. म्हणून 'वाईट आहे' असं न लिहिता 'इतके भाग पाहून सोडली, या कारणाने' असं लिहा.

काही मालिका पहिला भागच लांब करतात. 'ओशी नो को'चा पहिला भाग एप्रिल 2023 मध्ये दीड तासाच्या वेळेत दाखवला, 'फ्रीरेन'चे पहिले चार भाग एकाच रात्री. निर्माते स्वतःच सांगत असतात, की एवढं पाहिल्याशिवाय मत बनवू नका. ते ऐका. 'ओशी नो को'बद्दल लिहिताना पहिल्या अर्ध्या तासापलीकडचं काहीच सांगू नका. धक्का कुठे आहे एवढा इशारा दिला तरी तो फुकट जातो.

मराठीचा भाग शेवटी घेतोय, पण तुमच्या गटाची खरी ताकद तिथे आहे. तुमच्याकडच्या माणसाला मराठी, कन्नड आणि हिंदी तिन्ही कानांवर असतात. इंग्रजी सबटायटलमध्ये सगळे एकमेकांना 'यू' म्हणतात, त्यामुळे कोण कुणाला कसं संबोधतंय ते पुसलं जातं. जपानीत मात्र 'ओमाए', 'किमी', 'आनाता' असे थर आहेत. आपल्याकडे तू, तुम्ही, आपण, कन्नडमध्ये नीनु आणि नीवु. एखादं पात्र तिसऱ्या भागात अचानक आडनावावरून पहिल्या नावावर आलं, नावापुढचं आदराचं '-सान' गळून पडलं, तर इंग्रजी वाचणाऱ्याच्या हातून ते निसटतं. तुम्ही मात्र 'इथे ती त्याला पहिल्यांदा अरे-तुरे करते' असं एका वाक्यात लिहू शकता. वाक्याच्या शेवटी येणारं 'ने' म्हणजे आपलं 'ना', आणि ठासून सांगणारं 'यो' म्हणजे 'आलो की', 'जेवलो की' मधला आपला 'की'. पुण्याच्या माणसाला हा 'की' समजावून द्यावा लागेल, बेळगावच्या नाही. ओसाकाकडची कान्साई बोली बोलणारं पात्र आलं, तर इंग्रजी भाषांतरकार त्याला अमेरिकेतली खेडवळ बोली देतात. तुम्ही उतारा देताना 'काय कराय लागलायस' असं लिहा, पण फक्त त्याच पात्राला, म्हणजे फरक कानाला कळेल.

नावं लिहिताना जपानी त आणि द दंत्य आहेत हे लक्षात ठेवा: 'मादोका', 'माडोका' नव्हे. 'त्सु'चा उच्चार आपल्या 'चाक'मधल्या च च्या अगदी जवळ जातो, पण लिहिताना 'त्स'च लिहा, नाहीतर वाचणारा 'चहा'तला च म्हणेल. एकदा ठरवलेलं लेखन आठही जणांनी पाळावं, त्यासाठी एका कागदावर नावांची यादी ठेवा. हिंदी, तमिळ, तेलुगू डबिंग आता बऱ्याच मालिकांना मिळतं, पण ते मागून येतं. पहिलं मत डबवर लिहिलं असेल तर तसं सांगा, कारण आवाजाबद्दलचं मत त्या आवाजापुरतंच खरं.

तारे आणि गुण देऊ नका. दहापैकी सात म्हणजे काय हे आठ जणांत आठ प्रकारचं असतं. प्रत्येक मालिकेपुढे तीनपैकी एक लिहा: पुढे बघणार, थांबून बघणार, सोडली. त्याखाली पाहिल्याची तारीख, किती भाग पाहिले, मूळ पुस्तक वाचलंय की नाही, आणि पुढच्या भागांत तपासायची एक गोष्ट. घरात लहान भाऊ-बहिणी असतील त्यांच्यासाठी आत्महत्या, छळ, रक्तपात असं काही असेल तर तेही पहिल्याच ओळीत. 'वंडर एग'सारखी मालिका पोस्टरवरून मुलांची वाटते आणि तशी ती अजिबात नाही.

चौथ्या आणि सातव्या भागानंतर तेच टिपण पुन्हा उघडा आणि खाली नवी नोंद तारखेसह जोडा, जुनी खोडू नका. एप्रिलच्या मालिकांसाठी चौथा भाग साधारण एप्रिलच्या अखेरीस येतो, म्हणजे बेळगावात शिवजयंतीच्या चित्ररथांची लगबग असते त्या सुमारास. त्या आठवड्यात मंडळाच्या कामात अडकणाऱ्यांची नावं आधीच बाजूला काढा आणि त्यांच्या मालिका जोडीदाराकडे द्या.